घरात अ‍ॅमॉक्सिसिलिन आहे, देऊ का?

पाऊस लागला की आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या दुकानात रोज कुणी ना कुणी हे वाक्य म्हणतंच, आणि या वेळी तुमच्या पत्रांतही तेच निघालं, निम्म्याहून जास्त पत्रं या एकाच औषधाबद्दल. कुणी मॉक्स लिहिलंय, कुणी नोवामॉक्स, कुणी ऑगमेंटिन, कुणी क्लॅवम, कुणी नुसतं "ते ६२५", पण सगळ्यांच्या आत मुख्य औषध एकच, अ‍ॅमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनच्या घराण्यातलं. म्हणून या महिन्याचं अख्खं सदर त्याच्यावर. मी फार्मासिस्ट आहे, २२ वर्षं काउंटरच्या आत उभी आहे. आजार कुठला ते ओळखणं डॉक्टरांचं काम, ते मी इथे करणार नाही, पण औषध किती, कसं, कधी आणि कुणी घेऊ नये हे सांगणं माझंच काम आहे. पत्रं लांब होती ती थोडी कापलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न (नेरूळ): मुलगा ४ वर्षांचा, वजन १४ किलो. गेल्या महिन्यात मोठ्या मुलीला (वय ९) घशासाठी डॉक्टरांनी सिरप दिलं होतं, ५ एमएल दिवसातून दोनदा. बाटली अर्धी उरलीय, फ्रिजमध्येच आहे. आता याचाही घसा तसाच, ताप १०१, नाक वाहतंय, खोकला पण आहे. अडीच एमएल दिलं तर चालेल ना? पाऊस इतका आहे की बाहेर पडवत नाही.

उत्तर: ताई, नका देऊ. घरात दोन लहान मुलं आणि बाहेर असा पाऊस, किती अवघड होतं ते मला कळतं, पण ती बाटली आधी बाजूला ठेवा. पावडरमध्ये एकदा पाणी घातलं की ते औषध मोजक्या दिवसांचं असतं, बऱ्याच बाटल्यांवर ७ दिवस लिहिलेलं असतं, काहींवर १४, लेबलवर बारीक अक्षरात असतं म्हणून कुणी वाचत नाही, आणि क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडवालं (ऑगमेंटिन, क्लॅवम अशा जोड-औषधाचं) सिरप तर फ्रिजमध्ये ठेवूनही ७ दिवसांच्या वर वापरायचंच नाही. महिना झालेल्या बाटलीत औषध किती उरलंय हे मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. आणि अजून एक विचारते, राग मानू नका, मुलीची बाटली अर्धी उरली कशी? डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस झाले होते ना?

आता मुलाचं. नाक वाहतंय, खोकला आहे आणि घसा दुखतोय, असं सगळं एकत्र असलं की बहुतेक वेळा व्हायरस असतो. अ‍ॅमॉक्सिसिलिनचं काम असं की बॅक्टेरिया स्वतःभोवती जी भिंत बांधतो ती त्याला नीट बांधू द्यायची नाही, मग तो फुटतो आणि मरतो. व्हायरसला अशी भिंतच नसते, त्यामुळे सर्दी, फ्लू, डेंग्यू, कोविड यातल्या कशावरच हे चालत नाही, कितीही महागाचं घेतलं तरी.

समजा डॉक्टरांनी तपासलं आणि खरंच गरज निघाली, तरी मोठ्या बहिणीच्या डोसचा अर्धा असा हिशोब मुलांच्या औषधात नसतोच, तो वजनावर आणि आजारावर असतो. उदाहरण म्हणून मांडून दाखवते, हा तुमच्या मुलाचा डोस म्हणून घेऊ नका. डॉक्टरांनी किलोमागे दिवसाला ४० एमजी धरलं तर १४ किलोला ५६० एमजी झालं, दोन वेळात वाटलं तर एका वेळेला २८०. आता बाजारात बाटल्या बघा. ५ एमएलमध्ये १२५ एमजीवाली असेल तर एका वेळेला ११ एमएलच्या थोडं वर लागेल, २५०वाली असेल तर साडेपाचच्या आसपास. क्लॅव्युलॅनिकवाली २२८.५ असेल तर तिच्या ५ एमएलमध्ये अ‍ॅमॉक्सिसिलिन २०० एमजी, म्हणजे ७ एमएल, आणि ४५७वाली असेल तर तिच्यात ४००, म्हणजे साडेतीन एमएल. मूल तेच, डोस तोच, आणि चार बाटल्यांची चार मापं! शिवाय ते ४० पण ठरलेलं नाही, किरकोळ इन्फेक्शनला डॉक्टर त्याहून कमी देतात आणि कानाच्या किंवा छातीच्या इन्फेक्शनला किलोमागे ८०-९० पर्यंत जातात. म्हणून एका दुकानात २५० मिळालं नाही आणि दुसऱ्याने १२५ची बाटली दिली तर "माप तेच ठेवा" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, चिठ्ठी परत दाखवा.

पाणी घालायचं पण इथेच सांगते. बाटलीवर एक रेघ किंवा बाण असतो, पाणी तिथपर्यंत. आधी कोरडी बाटली हलवून तळाची पावडर मोकळी करायची, मग उकळून गार केलेलं पाणी थोडं घालायचं, झाकण लावून खळखळून हलवायचं, फेस खाली बसू द्यायचा, आणि मग पुन्हा पाणी घालून बरोब्बर रेघेवर आणायचं. फेस धरून रेघ मोजली तर पाणी कमी पडतं आणि औषध घट्ट होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एक आजी आमच्याकडून बाटली घेऊन गेल्या, घाईत मी सांगायचं राहिलं, त्यांनी गळ्यापर्यंत पाणी भरलं, नातवाला चार दिवस पातळ औषध गेलं आणि ताप काही उतरेना. आई बाटली घेऊन परत आली, मी ती उजेडात धरली, रेघ पाण्यात बुडलेली, दोन बोटं खाली. तेव्हापासून पावडरची बाटली मी काउंटरवर स्वतः बनवून देते आणि झाकणावर तारीख लिहिते. तुम्हीही तुमच्या मेडिकलवाल्याला तसं सांगा, त्याला दोन मिनिटं लागतात. आणि द्यायला घरचा चमचा नको, घरोघरी चमचा वेगळा, सोबतचं मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा, दर वेळेला बाटली हलवून.

आत्ता तापासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, कोमट पाणी, पेज, जे घशाखाली उतरेल ते. श्वास भरभर चालला, छाती आत ओढली जातेय, लाळ गिळता येईना, काही पीतच नाही, लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं किंवा ताप तिसऱ्या दिवशीही तसाच, तर पाऊस असो नसो रिक्षा करा आणि जा.

प्रश्न (लोकमान्य नगर): ११ वर्षांच्या मुलीचा घसा तपासून डॉक्टरांनी स्ट्रेप सांगितलं आणि १० दिवस अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं. तिसऱ्या दिवसापासून ती ठणठणीत, शाळेत जातेय, बॅडमिंटन खेळतेय. सासूबाई म्हणतात बरी पोर आहे, उगाच गरम औषध कशाला. थांबवू का?

उत्तर: नाही, पूर्ण १० दिवस. हे मी जरा सविस्तर सांगते कारण सासूबाईंना पटायला हवं, त्यांची माया आहे म्हणूनच त्या म्हणतायत. घसा तर बऱ्याचदा औषधाशिवायही आठवड्यात बरा होतो, हे खरं आहे. मग गोळी कशासाठी, तर हृदयासाठी. स्ट्रेप नावाचा हा जंतू घशात राहून गेला की दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना र्‍हुमॅटिक फीव्हर होतो, सांधे सुजतात, आणि शरीराची जंतूशी लढायची जी यंत्रणा तीच हृदयाच्या झडपांवर उलटते. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत हे जास्त. झडप एकदा खराब झाली की मग वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं जाड इंजेक्शन, लग्नानंतर बाळंतपणात धोका, काहींना ऑपरेशन. आमच्याकडे दर २१ दिवसांनी ते इंजेक्शन न्यायला येणारी एक बाई आहे, शाळेत असल्यापासून नेते, आता तिची मुलगी कॉलेजला जाते. तिला लहानपणी घसा दुखायचा एवढंच तिच्या आईला आठवतं. आपल्या देशात हा आजार अजून संपलेला नाही.

ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतो तो जंतू कमी झाले म्हणून, घशातून ते पुरते निघायला दिवस लागतात, १० दिवस त्यासाठी. आणि एक चांगली गोष्ट सांगा सासूबाईंना, बाकी जंतू किती निर्ढावले तरी हा घशाचा स्ट्रेप आजही पेनिसिलिनला दाद देतो, म्हणजे भारी अँटिबायोटिकची गरजच नाही, जुनं, स्वस्त औषध पुरतं. काही डॉक्टर हेच दिवसातून एकदा मोठ्या डोसमध्ये देतात, तेही बरोबर आहे, "एकदाच का लिहिलंय" म्हणून घाबरू नका. पहिले २४ तास गेले की दुसऱ्या मुलांना लागण व्हायची भीती बरीच कमी होते, त्यामुळे शाळेत गेली ते ठीकच.

प्रश्न (घणसोली): मी वाचलंय की "कोर्स पूर्ण करा" हे जुनं झालं, आता ५ दिवस पुरतात. मला छातीच्या इन्फेक्शनसाठी ५०० दिवसातून तीनदा दिलंय. ऑफिसमुळे दुपारची राहते, मग रात्री दोन एकदम घेतो. चालतं ना?

उत्तर: पहिलं अर्धं खरं आहे. मोठ्या माणसाच्या साध्या न्यूमोनियात तब्येत सुधारत असेल तर ५ दिवस पुरतात असं आता बरेच डॉक्टर मानतात, पूर्वी ७-१० द्यायचे. पण तेच स्ट्रेपला १०, आणि पोटातल्या एच पायलोरी नावाच्या जंतूसाठी दुसऱ्या औषधांबरोबर मोठ्या डोसमध्ये बहुतेकदा १४ दिवस. म्हणजे दिवस आजाराप्रमाणे बदलतात, तुम्ही वाचलेले ५ दिवस कुठल्या आजाराचे होते ते बघा आधी. चिठ्ठी हातात मिळते तेव्हाच विचारा, "डॉक्टर, किती दिवस आणि कशासाठी," आणि मधेच बरं वाटलं तर स्वतः बंद करण्याऐवजी एक फोन करा.

दुसरं अर्धं मात्र चुकतंय. हे औषध शरीरातून फार लवकर निघून जातं, किडनी चांगली असेल तर साधारण तासाभरात रक्तातलं अर्धं संपतं. आणि याचा मारा असा आहे की रक्तातली पातळी जितका जास्त वेळ टिकेल तितकं ते चालतं, एकदम दुप्पट ओतून काही जास्त मिळत नाही, उलट पोट बिघडतं. रात्री दोन घेतल्या म्हणजे दुपारभर जंतूंना रान मोकळं. सकाळी घरून निघताना ७ ला, ऑफिसात ३ ला, रात्री ११ ला, असं बसवा. गोळी जेवणाआधी-नंतर कधीही चालते, त्यामुळे डब्याची वाट बघायला नको, डेस्कवर एक छोटी डबी ठेवा आणि मोबाईलला अलार्म. राहिलीच तर आठवेल तेव्हा घ्या, पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. हे जमतच नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, दिवसातून दोनदा घ्यायचा डोसही असतो, तो ते ठरवतील.

प्रश्न (कासारवडवली): आमच्या खालचा मेडिकलवाला आता चिठ्ठीशिवाय देत नाही. आणि डॉक्टरने या वेळी ५०० दिलं, मागच्या वेळी ६२५ दिलं होतं. ६२५ जास्त पॉवरचं ना? मग तेच घेऊ का, एक स्ट्रिप पडलीय.

उत्तर: दादा, ६२५ हा आकडा दोन औषधांची बेरीज आहे. ५०० अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड. काही जंतू असं एक एन्झाइम सोडतात की अ‍ॅमॉक्सिसिलिनचे तुकडे होतात, क्लॅव्युलॅनिक त्या एन्झाइमला अडवतं, स्वतः ते जंतू फारसं मारत नाही. म्हणजे अ‍ॅमॉक्सिसिलिन दोन्हीत ५००च! जिथे ते एन्झाइमवाले जंतू असायची शक्यता आहे, कुत्रा-मांजर चावलं, सायनस फार दिवस चिघळलं, तिथे ६२५ लागतं, आणि जिथे नसतात तिथे ते १२५ तुमच्या पोटाला जुलाब देण्यापलीकडे काही करत नाही. क्वचित त्याने लिव्हरलाही त्रास होतो, कावीळ होते, आणि ती औषध संपून काही आठवडे झाल्यावरही दिसू शकते, वयस्कर पुरुषांत जास्त. तसंच ३७५च्या दोन गोळ्या म्हणजे एक ६२५ असंही नाही, ३७५मध्ये २५० आणि १२५ असतात, दोन घेतल्या तर क्लॅव्युलॅनिक दुप्पट झालं.

चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला मिळाला तर त्याला धरून ठेवा. हे शेड्यूल एचमधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा कायदाच आहे, स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते ती त्यासाठी. मी नाही म्हटल्यावर लोक समोरच्या दुकानात जातात, दुसऱ्या दिवशी हसत सांगतात तिथे मिळालं म्हणून, वाईट वाटतं, पण मी देत नाही. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधलं आणि १९४५ मध्ये नोबेल घेताना भाषणातच बजावलं की लोक स्वतःच्या मनाने थोडंथोडं घेतील आणि जंतू त्याला सरावतील. आपल्याकडे लघवीच्या इन्फेक्शनमधले बरेच जंतू आता साध्या अ‍ॅमॉक्सिसिलिनला जुमानत नाहीत, ते यातूनच झालंय.

घरातली स्ट्रिप कमोडात किंवा बेसिनमध्ये टाकू नका, इथलं सगळं नाल्यातून खाडीकडेच जातं आणि तिथल्या जंतूंनाही सराव होतो. गोळ्या पाकिटातून काढून मातीत किंवा चहाच्या चोथ्यात मिसळा, पिशवीत बंद करून कचऱ्यात द्या. तुमचा मेडिकलवाला परत घेत असेल तर सगळ्यात उत्तम.

प्रश्न (ऐरोली): वय ५८. लहानपणी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतल्यावर अंगावर काहीतरी उठलं होतं असं आई सांगायची. तेव्हापासून सगळीकडे अ‍ॅलर्जी लिहिते. आता गुडघ्याचं ऑपरेशन आहे, सर्जन विचारतात नक्की काय झालं होतं. आई नाही आता, कुणाला विचारू?

उत्तर: काकू, सर्जननी विचारलं हे फार चांगलं झालं. आपल्या पिढीच्या लहानपणी पेनिसिलिन म्हणजे इंजेक्शनच असायचं, पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्यानंतर ते इथेच बनायला लागलं, आमच्या पुण्याच्या मामाकडे अजून सगळे "एचए कंपनी" म्हणतात. त्या काळातल्या अशा आठवणी खूप घरांत आहेत. अमेरिकेतला अनुभव असा आहे की दहातला एक जण पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे म्हणून सांगतो, पण नीट तपासलं तर खरी अ‍ॅलर्जी एकूण लोकांत शंभरात एकालाही निघत नाही. आणि ज्यांना खरी असते त्यांच्यातल्याही साधारण ८० टक्के लोकांची १० वर्षांत निघून जाते. तुमची तर पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट.

पण याचा अर्थ घरी एक गोळी घेऊन बघायची असा मुळीच नाही! हे मी हात जोडून सांगते. ही टेस्ट हॉस्पिटलमध्येच, अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांसमोर करायची, आधी कातडीवर थेंबाएवढं, मग थोडं तोंडावाटे, बाजूला अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन तयार ठेवून. ऑपरेशनआधी वेळ असेल तर सर्जनना विचारा. खोटी अ‍ॅलर्जी पुसली गेली तर फायदा तुमचाच, नाहीतर दर वेळेला दुसरं, जास्त तिखट अँटिबायोटिक वाट्याला येतं.

मोठी बहीण, मावशी, कुणाला आठवत असेल तर एवढंच विचारा: इंजेक्शननंतर तासाभरात उठलं की काही दिवसांनी, गांधी उठल्या होत्या की बारीक लाल पुरळ, ओठ-डोळे सुजले होते का, श्वास लागला होता का, दवाखान्यात न्यावं लागलं होतं का. काहीच कळलं नाही तर "माहीत नाही" हेच खरं उत्तर लिहा. आणि टेस्ट होईपर्यंत अ‍ॅलर्जीचा शेरा राहू द्या, त्यात अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, ६२५, पिपरॅसिलिन सगळं आलं, नाव वेगळं असलं तरी घराणं एकच. सेफॅड्रॉक्सिल आणि सेफॅलेक्सिनसुद्धा अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या फार जवळची आहेत, तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

प्रश्न (कळवा): दीड वर्षाच्या बाळाला सहाव्या दिवशी अंगभर बारीक लाल पुरळ, खाज नाही, खेळतंय. अ‍ॅलर्जी समजायची का?

उत्तर: पुढचा डोस थांबवा, उजेडात फोटो काढा, कितवा दिवस, कितवा डोस ते लिहा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. उशिरा येणारं असं सपाट, न खाजणारं पुरळ बऱ्याचदा मूळ व्हायरसचंच असतं, एका विशिष्ट ग्रंथींच्या तापात तर अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं की बऱ्याच जणांना उठतं आणि ती कायमची अ‍ॅलर्जी नसते. ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही, नाहीतर त्याच्या फाईलवर पुढची साठ वर्षं तो शेरा राहील. पण ओठ, जीभ, चेहरा सुजला, गांधी उठल्या, घरघर लागली, मूल निस्तेज पडलं, किंवा कातडी सोलवटली, तोंडात-डोळ्यांत फोड आले, तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

प्रश्न (वागळे इस्टेट): दाढ ठणकतेय. मित्राने दोन ५०० कॅप्सूल दिल्या, थोडं बरं वाटलं. अजून चार दिवस घेऊ?

उत्तर: बरं वाटलं ते बहुधा सोबत घेतलेल्या पेनकिलरने. दाढेच्या आतली नस सुजली असेल तर तिथपर्यंत औषध नीट पोचतच नाही, कीड साफ करणं, रूट कॅनल किंवा दाढ काढणं हाच इलाज. गालफड सुजलं, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर मात्र त्याच दिवशी दाखवा, ती सूज मानेकडे उतरली तर श्वासाला धोका असतो. हृदयाची झडप बदललेली असेल तर ते डेंटिस्टला आधी सांगा, त्यांना दात काढायच्या अर्धा-एक तास आधी मोठ्या माणसाला २ ग्रॅमचा एकच डोस देतात.

प्रश्न (कोपरी): मुलगा कॉलेजहून येताना वंदना सिनेमापाशी गुडघाभर पाण्यातून चालत आला, पायाला जखम होती. लेप्टोला (साठलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाला) अ‍ॅमॉक्सिसिलिन चालतं म्हणे, घरात आहे, देऊन ठेवू?

उत्तर: पाण्यातून चालून आल्यावर लेप्टो होऊ नये म्हणून जे देतात ते डॉक्सिसायक्लिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन नाही, आणि तेही डॉक्टर किंवा महापालिकेचं आरोग्य केंद्र ठरवतं, शक्यतो २४ ते ७२ तासांत. लहान मुलं आणि गरोदर बायकांना दुसरं औषध निवडतात. आज पाय साबणाने धुवा, जखम झाका आणि उद्या सकाळी त्याला केंद्रावर घेऊन जा. तुम्ही ऐकलंय त्यात तथ्य आहे, लेप्टो झाला आणि सौम्य असला तर काही जणांना डॉक्टर अ‍ॅमॉक्सिसिलिन देतात, पण आधी देऊन ठेवायचं हे औषध नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर "मी साठलेल्या पाण्यातून चाललो होतो" हे वाक्य डॉक्टरांना पहिलं सांगायचं. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर लेप्टोची जी साथ आली ती आपण सगळ्यांनी पाहिलीय. आणि ताप डेंग्यूचाही असू शकतो, म्हणून तपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको.

प्रश्न (खारघर): वडिलांना संधिवातासाठी आठवड्याला मेथोट्रेक्सेट आणि हृदयासाठी वॉरफरिन चालू आहे. अ‍ॅमॉक्सिसिलिन चालेल?

उत्तर: देणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही नावं दाखवल्याशिवाय एकही गोळी नको. अ‍ॅमॉक्सिसिलिनमुळे मेथोट्रेक्सेट शरीरात साठू शकतं, वॉरफरिनवर असताना रक्त जास्त पातळ होऊ शकतं, मधेच आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) तपासावा लागतो. किडनी खूप कमी चालत असेल तर डोसही कमी करतात. गाऊटची अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर तीही सांगा, पुरळ उठायचं प्रमाण वाढतं.

प्रश्न (मानपाडा): गोळीने जुलाब लागले. दही बंद करू का? आणि गर्भनिरोधक गोळी निकामी होते का?

उत्तर: दही-ताक चालतं, खुशाल खा, दुधाची अडचण डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधांना असते, याला नाही. ६२५ असेल तर जेवणाच्या सुरुवातीला घ्या, पोट कमी बिघडतं. दिवसातून दोन-तीनदा पातळ होणं नेहमीचं आहे, ओआरएस घ्या. पण पाण्यासारखे खूप जुलाब, रक्त, पोटात मुरडा आणि ताप असेल, औषध संपून काही आठवडे झाले असले तरी, डॉक्टरांकडे जा आणि जुलाब थांबवायची गोळी स्वतः घेऊ नका. गर्भनिरोधक गोळी अ‍ॅमॉक्सिसिलिनने निकामी होत नाही, मात्र उलट्या-जुलाब जोरात असतील तर गोळी अंगी लागत नाही, तेवढे दिवस दुसरी काळजी घ्या. खाली खाज आणि पांढरा स्राव सुरू झाला तर लाजू नका, अँटिबायोटिकनंतर बुरशी वाढते, साधा उपाय असतो.

प्रश्न (बेलापूर): सातवा महिना आहे. लघवीला जळजळ होतेय. बहिणीकडे अ‍ॅमॉक्सिसिलिन आहे, तिला गरोदरपणात दिलं होतं म्हणजे सुरक्षितच असेल ना?

उत्तर: गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे औषध खूप वर्षं वापरलं जातंय आणि सुरक्षित मानतात, त्याची भीती नको. पण वर म्हटलं तसं लघवीचे बरेच जंतू आता याला दाद देत नाहीत, तुम्ही चार दिवस गोळ्या घ्याल, जळजळ थोडी कमी-जास्त होत राहील आणि इन्फेक्शन किडनीपर्यंत चढेल, सातव्या महिन्यात त्याने कळा लवकर सुरू होऊ शकतात. पहिली गोळी घ्यायच्या आधी लघवीचं कल्चर द्यायचं, गोळीनंतर दिलं तर त्यात जंतू नीट दिसत नाहीत. उद्या सकाळी लॅबमधून निर्जंतुक डबी घ्या, आधीची थोडी लघवी सोडून मधली धरा, आणि डबी दिल्यावर लगेच तुमच्या डॉक्टरांना भेटा, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात पण तोवर काय घ्यायचं ते त्या सांगतील. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.